चेहऱ्याची घाई



तोंडावर उठणाऱ्या पुळ्यांना बोलताना आपण मुरूम म्हणतो, नवी पिढी पिंपल्स म्हणते आणि छापील मराठीत त्यांना तारुण्यपिटिका असे भारदस्त नाव आहे. या नावात एक आश्वासन आहे: तारुण्यासोबत आले, तारुण्यासोबत जाईल. सोळाव्या वर्षी ते पुष्कळदा खरे ठरते. पण आज मला बोलायचे आहे ते विशी ओलांडलेल्या मुलामुलींविषयी. शाळेत असताना ज्यांचा चेहरा स्वच्छ होता किंवा थोड्या पुळ्या येऊन गेल्या होत्या, आणि बावीस-चोवीसाव्या वर्षी, नोकरी लागल्यावर, लग्नाचे बोलणे सुरू असताना ज्यांचे गाल आणि हनुवटी पाहता पाहता भरून आली, त्यांच्याविषयी. हे विरळा घडते असे समजू नये. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वीस वर्षांवरील 1,013 जणांना प्रश्नावली देऊन माहिती गोळा केली आणि 2008 साली ती प्रसिद्ध केली. विशीतल्या स्त्रियांपैकी 50.9 टक्के आणि पुरुषांपैकी 42.5 टक्के जणांनी आपल्याला मुरूम असल्याचे सांगितले. तिशीत हे प्रमाण स्त्रियांत 35.2 आणि पुरुषांत 20.1 टक्के होते. ही पाहणी परदेशातली आहे आणि लोकांनी स्वतःविषयी सांगितलेल्या माहितीवर उभी आहे, तेव्हा ते आकडे आपल्या रायगड जिल्ह्याला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण हा विकार तारुण्याच्या उंबरठ्यावरच संपतो हा समज त्यातून नक्कीच मोडतो, आणि पुढे स्त्रियांना त्याचा त्रास अधिक होतो हेही दिसते.

नावापेक्षाही आपल्याला फसवणारा शब्द दुसराच आहे. तो शब्द म्हणजे अचानक. ‘काल काही नव्हते, आज सकाळी आरशात पाहिले तर हे.’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला दिसलेले तो सांगतो. माझे म्हणणे एवढेच आहे की मुरमांच्या बाबतीत दिसणे आणि होणे यांच्यामध्ये साधारण दोन महिन्यांचे अंतर असते, आणि आपले बहुतेक नुकसान हे अंतर न कळल्यामुळे होते. व्याधीने चेहऱ्याचे जेवढे बिघडते, त्याहून कितीतरी अधिक आपण पहिल्या आठवड्यात केलेल्या घाईने बिघडते.

हे अंतर येते कुठून, ते आधी पाहू. चेहरा, छाती आणि पाठ यांवरील केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. ते तेल केसाच्या नळीतून वर येते आणि त्वचेला मऊ ठेवते. नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर वाहून जातात. काही कारणाने त्या चिकट होऊन एकमेकींना धरून राहिल्या, की खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचावा तसे नळीच्या तोंडाशी बूच साचू लागते. हे बूच सुरुवातीला इतके सूक्ष्म असते की डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही लागत नाही. मुरूम येणाऱ्या माणसाच्या वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथे अशी बुचे सापडतात. मग बुचाच्या मागे तेल तुंबते. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीज नावाचे जे जंतू तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच त्वचेवर राहतात, त्यांना तिथे आयते घर मिळते. शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि मग लाली, सूज, पू, ठणका. अदृश्य बुचापासून दृश्य पुळीपर्यंतच्या या प्रवासाला सुमारे आठ आठवडे लागू शकतात. भाताचा कोंब वर आला म्हणून पेरणी आज झाली असे कुणी शेतकरी म्हणत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसे म्हणतो.

एकदा हे मान्य केले की कारण शोधण्याची रीत बदलते. आज उठलेल्या पुळीसाठी काल खाल्लेल्या भज्यांना किंवा परवाच्या जागरणाला धरण्यात अर्थ राहत नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी आयुष्यात काय बदलले, हे विचारावे लागते. गाव सोडून मुंबईच्या वसतिगृहात राहायला गेलो का? व्यायामशाळेत कुणी शरीर लवकर भरावे म्हणून गोळ्या-इंजेक्शने सुचवली का? केसांना नवे तेल, तोंडाला नवे क्रीम सुरू झाले का? पाळी पुढे-मागे होऊ लागली का? परीक्षा होती का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 22 विद्यार्थ्यांना परीक्षेच्या काळात आणि परीक्षा नसताना तपासले आणि 2003 मध्ये नोंदवले की ताण जितका वाढला तितके मुरूमही बळावले. बावीस ही संख्या लहान आहे, तिच्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण स्पर्धा परीक्षांना वर्षांमागून वर्षे देणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी या निष्कर्षाचे कुणाला फारसे आश्चर्य वाटणार नाही.

काशीदसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न ऋतूला आणि रोजगाराला धरून विचारला पाहिजे. रेवदंडा आणि मुरूड यांच्यामध्ये असलेला हा पांढऱ्या वाळूचा किनारा पर्यटकांनी भरला, की इथली तरुण मंडळी दिवसच्या दिवस उन्हात, घामात आणि खाऱ्या वाऱ्यात उभी असतात. कुणी बोटीवर, कुणी टपरीवर, कुणी घरगुती खानावळीच्या चुलीपाशी, जिथे कढईतल्या तेलाचा सूक्ष्म थर कपाळावर बसत राहतो. दमट उष्म्याचा मुरमांशी असलेला संबंध जुन्या काळापासून नोंदलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात आणि पॅसिफिक बेटांवर आलेल्या पाश्चात्त्य सैनिकांच्या पाठीवर आणि अंगावर मोठमोठ्या गाठी उठत. उष्णकटिबंधीय मुरूम म्हणून तो प्रकार पुस्तकांत गेला, आणि सैनिकाला थंड हवेत हलवले की तो उतरे. पुढे 1972 साली स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी आणखी एक प्रकार नोंदवला: स्पेनच्या मायोर्का बेटावर उन्हाची सुट्टी घालवून परतलेल्यांच्या दंडांवर, मानेवर, छातीवर बारीक एकसारख्या पुळ्या उठत. प्रखर ऊन आणि अंगाला फासलेली तेलकट क्रीमे यांच्याकडे तेव्हा बोट दाखवले गेले. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर उतरून कपाळाच्या कडेने पुळ्या येतात, हे 1970 मधील अमेरिकी संशोधनाने दाखवले. खोबरेलाविषयी आपली आस्था मी समजू शकतो आणि केसांना ते लावू नये असे मी म्हणत नाही. ते केसांच्या टोकांना लागावे, कपाळावर पाझरू नये आणि रात्रभर उशीला पुसले जाऊ नये, इतकेच.

पण ऊन, तेल आणि घाम ही सगळी निमित्ते झाली. मूळ चालना संप्रेरकांची आहे, आणि याचा पुरावा फार स्पष्ट आहे. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1941 मध्ये दाखवले की वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे निकामी झाली किंवा काढली गेली, अशा पुरुषांना मुरूम येत नाहीत, आणि त्यांना पुरुषी संप्रेरक टोचले तर येऊ लागतात. स्त्रियांच्या शरीरातही हे संप्रेरक थोड्या प्रमाणात असतेच. म्हणून विशीतल्या मुलीच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधीच्या आठवड्यात खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, सोबत पाळी अनियमित असेल, ओठांवर किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तो चेहऱ्यापुरता प्रश्न नसतो. ज्याला बोलीभाषेत पीसीओडी म्हणतात त्या अंडाशयांच्या अवस्थेची तपासणी तिथे झाली पाहिजे. 1935 मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी तिचे वर्णन केले. पुढे मधुमेहाचा धोका वाढवणारी ही अवस्था चेहऱ्याच्या निमित्ताने वेळेत लक्षात आली, तर ते त्या मुलीचे भाग्यच म्हणावे लागेल. अशा मुलीला ‘लग्न झाले की जातील’ असे सांगून परत पाठवणे म्हणजे तिच्या शरीराने दिलेली सूचना मोडीत काढणे आहे.

रक्त अशुद्ध झाले, अंगात उष्णता वाढली, पोट साफ नाही, ही आपल्या घरातली निदाने आहेत. मी त्यांची हेटाळणी करणार नाही, कारण आपल्या परंपरेतले मूळ निरीक्षण कच्चे नव्हते. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या मुखावरील या पिडकांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले, त्याला या उपमेचा नेमकेपणा कळेल. तिथे कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडाकडे कारण म्हणून बोट दाखवले आहे, आणि मुख्य म्हणजे या विकाराचे नातेच तारुण्याशी जोडले आहे. संप्रेरक हा शब्द नसताना वयाशी असलेला हा धागा पकडणे ही मोठी गोष्ट होती. अडचण येते ती संहितेतून निघून आपण ‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ कुठल्याही बाटलीवर येऊन थांबतो तेव्हा. सुश्रुताने या पिडका क्षुद्ररोगांत घातल्या. तिथे क्षुद्र म्हणजे किरकोळ आकाराचा, किरकोळ दुःखाचा असे मानण्याचे कारण नाही. पण आपल्या घरात तोच अर्थ रूढ झाला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा वडीलधाऱ्यांकडून येतो: एवढे काय त्यात, आमच्याही तोंडावर आले, गेले. या आक्षेपामागे एक इतिहास आहे. ज्या पिढीने देवीच्या वणांनी चाळण झालेले चेहरे गावोगाव पाहिले, तिला दोन पुळ्यांचे कौतुक कसे वाटावे? देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. त्यानंतर जन्मलेल्यांना चेहऱ्यावरचे खड्डे दिसतात ते बहुतांशी मुरमांचेच. आणि खोल मुरमांनी पडलेला खड्डाही मुरूम गेल्यावर जात नाही. म्हणजे ‘आपोआप जातील’ हे पुळीबद्दल खरे असले तरी वणाबद्दल खरे नाही. वाट पाहणे आणि दुर्लक्ष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आज ज्या सबुरीची बाजू मांडतो आहे, ती उपचार सुरू करून मग धरायची सबुरी आहे.

आता घाईकडे, म्हणजे झटपट उतारा देणाऱ्या स्टेरॉइड क्रीमकडे, येतो. 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या दोन संशोधकांनी त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडची ताकद मोजण्याची एक सोपी कसोटी दिली. औषध निरोगी त्वचेवर लावायचे आणि ती जागा किती पांढुरकी पडते ते पाहायचे. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की त्वचा फिकट दिसते. जेवढी फिकट, तेवढे औषध जोरकस. आपल्या समाजातल्या एका मोठ्या दुखण्याचे मूळ या कसोटीत आहे असे मला वाटते, कारण प्रयोगशाळेत जे ताकदीचे माप होते, ते आरशासमोर सौंदर्याचे माप झाले. बेटामेथासोनसारखे स्टेरॉइड असलेले क्रीम मुरमांवर लावले, की दोन-तीन दिवसांत लाली उतरते, सूज बसते, चेहरा उजळ दिसतो. औषध लागू पडले अशी माणसाची खात्री होते. मैत्रिणीला, भावाला, शेजारच्या मुलीला ते नाव सांगितले जाते. काही आठवड्यांनी त्याच चेहऱ्यावर एकसारख्या दिसणाऱ्या पुळ्यांचे नवे पीक येते, कारण स्टेरॉइड स्वतःच मुरूम आणते. कातडी पातळ होते, उन्हात भाजल्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, मुलींच्या तोंडावर लव वाढते. घाबरून क्रीम बंद करावे तर चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, आणि पुन्हा लावले की शांत होतो. म्हणून माणूस पुन्हा लावतो. त्वचारोगशास्त्रात या चक्राला 1979 पासून व्यसन हाच शब्द वापरला गेला आहे, आणि तो मला अतिशयोक्त वाटत नाही.

हे किती पसरलेले आहे, याची भारतातली मोजणी उपलब्ध आहे. देशातील 12 केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, तोंडाला स्टेरॉइड लावत होते. त्यांच्यात सर्वाधिक दिसलेला दुष्परिणाम होता मुरूम येणे किंवा असलेले बळावणे. आणि त्या 433 पैकी जवळपास साठ टक्के लोकांना ते क्रीम डॉक्टरने सुचवलेलेच नव्हते. कुणी दुकानदाराने, कुणी नातलगाने, कुणी मैत्रिणीने. कित्येकांनी ते गोरेपणासाठी लावले होते आणि कित्येकांनी नेमके मुरमांसाठीच. अनेक वर्षे कायद्यातही फट होती. तोंडी घ्यायच्या स्टेरॉइडला डॉक्टरची चिठ्ठी लागे, पण अंगाला लावायच्या औषधांना चिठ्ठी सक्तीची करणाऱ्या अनुसूची ‘एच’मधून सूट होती. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीच्या कक्षेत आणली. नियम झाला. तो गल्लीतल्या काउंटरवर पाळला जातो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

गोरेपणाचा उल्लेख मी जाता जाता केला, पण इथे थोडे थांबले पाहिजे. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत पुळी बसल्यावर काळा डाग मागे राहतो. सुजेमुळे रंगद्रव्य जास्त तयार होते आणि ते महिनोन् महिने रेंगाळते. आपल्याकडच्या तरुणाला पुष्कळदा पुळीपेक्षा हा डाग सलतो. मग तो डाग घालवण्याचे औषध शोधण्याऐवजी रंग उजळवण्याचे क्रीम शोधतो, आणि एका विकाराची गाठ एका सामाजिक हट्टाशी पडते. भारतात 1975 मध्ये बाजारात आलेल्या सर्वात प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमचे नाव 2020 मध्ये बदलावे लागले. पण नाव बदलले म्हणून वधूवर-सूचक जाहिरातीतली अपेक्षा बदलली असे दिसत नाही. डागाला खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी तीन आहेत: पुळी न फोडणे, उन्हापासून जपणे आणि नवी पुळी येऊ न देणे. जुना डाग काळाबरोबर फिकट होतो. काशीदच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्याने टोपी किंवा गमछा वापरणे आणि चिकट नसलेले सनस्क्रीन लावणे हे म्हणूनच मुरमांच्या उपचाराचाच भाग आहे.

घाईचे घरगुती प्रकारही आहेत. लिंबू चोळून उन्हात जाणे त्वचेला भाजू शकते. टूथपेस्टने पुळी सुकल्यासारखी दिसते आणि भोवतीची कातडी होरपळते. दुधात उगाळलेले जायफळ, हळद, चंदन, मसुराचे पीठ यांनी बहुतेकांचे फारसे बिघडत नाही. पण रोज खसखसून चोळले तर सूज वाढतेच. चोळण्याने मुरूम निघत नाहीत, कारण बूच मळाचे नसते. काळ्या टोकाच्या पुळीतला काळेपणासुद्धा धुळीचा नसतो, उघड्यावर आलेल्या रंगद्रव्याचा आणि हवेशी झालेल्या प्रक्रियेचा असतो. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुणे पुरे. ‘तोंड धुत नाही म्हणून येतात’ हा टोमणा वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि माणूस म्हणून क्रूर आहे.

माझ्या प्रतिपादनाला एक खरा अपवाद आहे आणि तो मी लपवणार नाही. कधीकधी पुळ्या खरोखरच अचानक येतात. काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत, सगळ्या एका आकाराच्या, एका वयाच्या, कपाळावर, छातीवर, पाठीवर. अशा वेळी ते बहुधा नेहमीचे मुरूम नसतात. खाज असेल, दमट हवा असेल, नुकतीच प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड घेतलेली असतील, तर मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीने केसांच्या मुळांना सूज आणलेली असू शकते. तिला मुरमांची प्रतिजैविके दिली तर ती आणखी फोफावते. तिला बुरशीनाशक लागते. दुसरी शक्यता औषधाची. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड, फिट्सवरचे फेनिटॉइन, मनोविकारावरचे लिथियम, पोटातून घेतलेली स्टेरॉइडे, ही सगळी अशा पुळ्या आणू शकतात. यावर क्षयाची गोळी स्वतःहून बंद करणे हे कमालीचे घातक ठरेल. डॉक्टरला सांगायचे आणि औषध चालू ठेवायचे. म्हणजे अपवादातही घाईला जागा नाहीच.

दुसरा आक्षेप आहाराचा. डॉक्टर म्हणतात खाण्याचा संबंध नाही, आजी म्हणते आहे, आणि अनुभव आजीच्या बाजूचा वाटतो. यात डॉक्टरांच्या बाजूचा पुरावा बराच काळ एका प्रयोगावर टेकलेला होता. 1969 मध्ये फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या संशोधकांनी 65 जणांना चॉकलेटच्या वड्या आणि चॉकलेट नसलेल्या वड्या आळीपाळीने खायला दिल्या आणि फरक पडत नाही असे जाहीर केले. त्यांतले निम्म्याहून अधिक जण तुरुंगातले कैदी होते. अशा माणसांवरचे प्रयोग आजच्या नीतीला मान्य होणार नाहीत, आणि या ज्ञानाची ती किंमत विसरू नये. शास्त्र म्हणूनही प्रयोग लंगडा होता. बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, आणि प्रत्येक वडी चारच आठवडे दिली होती. ज्या बुचाला दिसायला आठ आठवडे लागतात, त्याचा हिशेब चार आठवड्यांत कसा मांडणार? दोन महिन्यांचे अंतर विसरण्याची चूक संशोधकांकडूनही होते, ती अशी. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 15 ते 25 वयाच्या 43 मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक कमी झाले. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर 1,200 लोकांना तपासले तेव्हा एकालाही मुरूम आढळला नाही, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. ते लोक कंद, फळे, नारळ आणि मासे खात होते.

नारळ आणि मासे हे शब्द ऐकून कोकणी माणसाला आनंद होईल. तो थोडा आवरायला हवा. किटावाच्या जेवणात मैद्याची बिस्किटे, साखरेचा चहा, बाटलीतली गोड पेये नव्हती, आणि आनुवंशिकतेचा भाग किती हे त्या पाहणीतून सांगता येत नाही. पण एक गोष्ट मी ठामपणे म्हणेन. ‘मासे उष्ण पडतात, तोंडावर उठते, म्हणून बंद कर’ असे मुलीला सांगण्याला आधार नाही. इटलीतील 2012 च्या एका अभ्यासात मासे खाणाऱ्यांत मुरमांचे प्रमाण उलट कमी दिसले, आणि दूध अधिक पिणाऱ्यांत जास्त. घरातला बांगडा बंद करून तिला बिस्किटांचा पुडा आणि दुधाचा पेला देणारी सुधारणा म्हणजे उलटी वाट आहे. गोड पेये आणि मैदा तीन महिने कमी करून पाहावे. फायदा झाला तर उत्तम, आणि नाही झाला तर खाणाऱ्याला अपराधी ठरवू नये. आहार हा उपचाराचा एक लहान भाग आहे.

मग उपचार कोणता? बूच साचू न देणारी आणि जंतू आवरणारी औषधे आहेत आणि ती महागही नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड हे त्यांतले जुने. त्याचे अडीच टक्क्यांचे जेल दहा टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि त्वचेला कमी चुरचुरते, हे 1986 मध्येच दिसून आले आहे. त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरे वापरावेत. ॲडापॅलिनसारखे जेल रात्री, वाटाण्याएवढे, सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचे असते. ‘सगळ्या चेहऱ्यावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माणूस आज दिसणाऱ्या पुळीवर ठिपका लावतो, आणि दोन महिन्यांनी दिसणारी पुळी शेजारी, औषधाविना, वाढत असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कातडी सुकते, सोलते, काहींच्या पुळ्या थोड्या वाढल्यासारख्या दिसतात. याच टप्प्यावर बहुतेक जण औषध सोडतात आणि ‘मला लागू पडत नाही’ म्हणतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण आधी पेरलेले उगवून संपावे लागते. प्रतिजैविके एकटी आणि लांबवर घेऊ नयेत, जंतू त्यांना सरावतात. डॉक्सिसायक्लिन, जी गोळी आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससाठीही दिली जाते, तिच्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते. किनाऱ्यावर काम करणाऱ्याने डॉक्टरला आपले काम सांगितलेच पाहिजे. खोल, व्रण पाडणाऱ्या मुरमांवर 1982 पासून वापरात असलेले आयसोट्रेटिनॉइन अतिशय परिणामकारक आहे. मात्र गर्भारपणात ते गर्भाला गंभीर व्यंग आणते, म्हणून कुठल्याही मुलीने ते मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नये. नवविवाहितेने तर हा विषय डॉक्टरसमोर स्वतःहून काढावा.

यावर शेवटचा आणि सर्वात प्रामाणिक आक्षेप असा की बारा आठवडे आहेत कुणाकडे? मुलाखत सोमवारी आहे, पाहुणे रविवारी येणार आहेत. मला या आक्षेपाविषयी सहानुभूती आहे. एखादी मोठी दुखरी गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात अगदी पातळ केलेल्या स्टेरॉइडचे थेंबभर इंजेक्शन देऊन दोन-तीन दिवसांत ती बसवू शकतो. त्याच जातीचे औषध, पण जाणत्याच्या हातात, एका गाठीपुरते आणि एकदाच. बाकी चेहऱ्यासाठी त्या आठवड्यात नवे काहीही न लावणे हाच उत्तम उपाय. पाहुण्यांविषयी मात्र वेगळे बोलले पाहिजे. मुलीच्या गालावरच्या पुळ्या पाहून जे घर तिच्या वागणुकीविषयी, ‘विचारांविषयी’ शंका घेते, तिथे प्रश्न त्वचेचा राहत नाही. संततिनियमनाचा प्रसार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षे, खटले सोसून, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले ते शरीराविषयी उघड आणि शास्त्रीय बोलता यावे म्हणून. हॅमिल्टनचा संप्रेरकांचा पुरावा त्यांच्या हयातीतच आला होता. तरी आजही मुरमांचा संबंध तरुण मुलामुलींच्या चारित्र्याशी जोडणारी कुजबूज ऐकू येते, आणि त्यापायी आरसा टाळणारी, फोटोत मागे उभी राहणारी, कॉलेज बुडवणारी मुले आपल्याच घरांत असतात. मुले हे बोलत नाहीत, मुलगे तर मुळीच नाहीत. पुळ्यांपायी कुणी जेवण-झोप सोडली असेल, माणसांत येणे सोडले असेल, तर त्या दुःखाची दखल औषधाइतक्याच गंभीरपणे घेतली पाहिजे.

काशीदहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, हे मला मान्य आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही व्हिडिओ-सल्ल्याची सोय आहे. मुरूम हा डोळ्यांनी पाहून बराचसा ओळखता येणारा विकार असल्याने तिथे तिचा उपयोग होऊ शकतो. जाताना किंवा फोन लावताना मागच्या तीन महिन्यांत चेहऱ्याला, केसांना लावलेले आणि पोटात घेतलेले सगळे कागदावर लिहून न्यावे, पाळीच्या तारखा लिहाव्यात, आणि लावत असलेली ट्यूब सोबत घ्यावी. ती रिकामी झालेली, चेपटलेली असली तरी चालेल. तिच्यावरची बारीक अक्षरे डॉक्टरला हवी असतात.